अंजनाबाईंच्या नावाची डबी

अंजनाबाई विसरतात काहून, हे पोटातल्या जंतूंवरून ताडायचं होतं. पण तपासायला घरून आलेल्या, त्यांच्या नावाच्या डब्यांतल्या विष्ठेत पुरुषाच्या पेशी निघाल्या. संशोधक लेक रीना तशीच पुरानी बस्तीतल्या घरी आली. “बाबा, सच बताओ, हे कोणाचं?” गुलाबरावांनी मान खाली घातली. “तुह्या मायले लाज वाटते पोरी. म्हणून माहंच देल्लं. एकाच वाडग्यातला बासी भात खातो आम्ही, फरक काय पडते?” “पडतो ना! पोटातल्या जंतूंचं सांगणं बाईच्या मेंदूतल्या राखणदार पेशी वेगळं ऐकतात, पुरुषाच्या वेगळं.” गेल्या महिन्यात डब्या तपासून रीनाच हसत म्हणाली होती, आईचं पोट सुधारलंय, आता डोकंही सावरेल. त्या आनंदात गुलाबरावांनी गल्लीभर जिलबी वाटली होती. “म्हणजे ते सुधारणं माहं होतं?” “हो, बाबा.” “मग माह्या पोटातलं चांगलं काढून तिले दे. मी विसरलो तं चालते मले.”