आंब्याचं बोलणं

अपग्रेड झाल्यापासून झाडांचं बोलणं ऐकणारं यंत्र सारखं बंद पडत होतं, म्हणून ते दुरुस्त करणारी हर्षला थोरल्या आंब्याखाली लॅपटॉप घेऊन बसली होती. बागेचे मालक भार्गवकाका जोईल शेजारी उभे होते.

"टेम्प फोल्डर गच्च भरलंय, काका. जुनं सॉफ्टवेअर रोज सकाळी ते पुसायचं, नवीन पुसतच नाही. सगळं उडवते, की झालं."

"उडव. तसाही हा आंबा वर्षानुवर्षं एकच शब्द बोलतो. पाणी. मी आपला ओततोय, आणि मोहोराचा पत्ता नाही."

हर्षलाचं बोट बटणावर थांबलं. फोल्डरमध्ये एकच फाइल होती, अपग्रेडच्या दिवशी सुरू झालेली आणि अजून वाढत असलेली. झाडाचं बोलणं संपलं की यंत्र फाइल बंद करून भाषांतर करायचं. या आंब्याचं बोलणं संपलंच नव्हतं. इतकी वर्षं रोज सकाळी यंत्र त्याला पहिल्या शब्दावरच तोडत होतं, आणि तो पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करत होता.

तिने दुसरीकडचं जुनं काहीबाही उडवून जागा केली. दोघं वाट पाहत बसले. उन्हं कलली तेव्हा फाइल बंद झाली, आणि पडद्यावर आलेलं तिने हलक्या आवाजात वाचलं.

"पाणी मला नको. माझ्या सावलीतल्या कलमाला द्या."

काकांनी वाकून पाहिलं. बुंध्यापलीकडे गवतात एका कलमाने मान टाकली होती. ते कधी लावलं, हेही त्यांना आठवेना.

त्यांनी पायातल्या चपला काढून बाजूला ठेवल्या, आणि मग बादली उचलली.