मंगळावरची खुर्ची

इश्वरनं स्वतः यायला हवं होतं. खुर्ची हवी म्हणून गाडीवाल्याच्या तोंडी निरोप धाडायचा, ही कुठली रीत? निरोप आला तेव्हा कुंताबाई पाटलीण भाताच्या शेतात होत्या. बांधीतला धान अर्धा कापायचा राहिला होता. विळा बाईमाणसांच्या हाती दिला, खुर्ची गाडीत चढवली आणि खुर्चीच्या मागं स्वतःही चढल्या.

दिवाळीनंतर गावात भरणाऱ्या मंडईच्या जत्रेत नाटक असे; त्यात राजा व्हायचा तो पाटलाच्या घरचा. आधी सासरा, मग नवरा, मग मुलगा भोजराज. राजाची खुर्चीही त्याच घरची, सागवानी, हातांवर सिंहाची तोंडं असलेली. यंदाचं नाटक इश्वरनं लिहिलं. तो जवाहरनगरच्या कारखान्यात नोकरीला, मंडईसाठी रजा काढून गावी आलेला. आभाळातून अमेरिकेची स्कायलॅब पडणार म्हणून लोक घाबरले होते तेव्हापासून त्याच्या डोक्यात आभाळच होतं, म्हणून त्याचा राजा मंगळावर राहत होता. आणि राजाच्या कामासाठी त्यानं परीक्षा ठेवली. दोन पानांचं भाषण, मागून कोणी सांगणार नाही.

भोजराज चौथ्या ओळीला अडला. पाटलांच्याच सालदाराचा मुलगा परसराम शेवटपर्यंत गेला.

कालपासून भोजराज भिंतीकडे तोंड करून निजला होता. पंचेचाळीस वर्षांचा माणूस.

शाळेच्या पटांगणात तालीम चालू होती. गाडीतून खुर्ची उतरली तशी ती थांबली. कुंताबाई आधी तिच्यात टेकल्या. दम लागला होता.

"करा ना. काहून थांबले? मी कुठं खाऊन राहिली तुमाले?"

"काकू, मी येणारच होतो घरी," इश्वर म्हणाला.

"खुर्ची आली ना. सांग, काय आहे तुझ्या मंगळावर?"

इश्वरनं वही मिटली. "तिथं आधी राजाचा पोरगाच राजा होत जाय. लोक कंटाळले. मंग त्याईनं हे यंत्र बनवलं." त्यानं एका टिनाच्या पेटीकडे बोट केलं. पेटीला बेगड चिकटवली होती, वर सायकलचे दोन दिवे. "सोळा वर्षांचा झाला का जो तो यंत्रापुढं उभा राहते. यंत्र अक्कल मोजते. ज्याची जास्त, तो राजा. बाप कोण, हे यंत्र विचारतच नाही."

"पोरींची मोजते?"

इश्वरनं वही उघडून पाहिली, जणू तिथं असेल. "तसं लिहिलं नाही, काकू."

"बरं. चालू द्या."

परसरामनं भाषण धरलं. आवाज खणखणीत होता. मी कोणाच्या पोटी जन्मलो ते विसरा, मला काय येतं ते विचारा, इथवर तो आला, आणि त्याची नजर खुर्चीवर गेली. ज्या बाईच्या घरची भाकर खाऊन तो वाढला, ती समोर बसलेली. तो थांबला. पुढची ओळ येईना.

कुंताबाईंनी डोळे मिटले होते. तशाच म्हणाल्या, "आणि ज्या दिवशी मला काही येणार नाही, त्या दिवशी मला इथून उठवा."

इश्वरनं वहीत पाहिलं, ओळ तीच होती.

"काकू, तुमाले पाठ आहे?"

"पंधरा दिवस भोजराजकडून घोकून घेतलं. त्याच्या बापाकडूनबी मीच घेत होती. मले कुठं वाचता येते? सून वाचाची, मी ध्यानात ठेवाची."

"अख्खं?"

"अख्खं."

त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या. परसरामला म्हणाल्या, "बस."

त्यानं हात सदऱ्याला पुसले. बसला नाही.

"बस रे. माह्या पोराले चार ओळी येत नाही, तुले दोन पानं येतात. पाय दुखाले लागले माहे, लवकर बस."

परसराम खुर्चीच्या कडेवर बसला, कोणी उठ म्हटलं तर उठता येईल असा.

"शेवटी काय होते?" कुंताबाईंनी विचारलं.

इश्वरचा चेहरा खुलला. "राजा म्हातारा होते. त्याचा पोरगा यंत्रापुढं नापास होते. मंग राजा काय करते, यंत्राले कुलूप लावते अन् पोराले गादीवर बसवते. तिथं पडदा."

"हे खरं लिहिलं." कुंताबाईंनी मान डोलावली. "पोरगा कोण झाला?"

"आपला गोपीचंद."

इश्वरचा बावीस वर्षांचा मुलगा कडेला पुठ्ठ्याचा मुकुट डोक्यावर घालून, काढून पाहत होता.

"त्यानं म्हटलं का भाषण?"

गोपीचंदनं मुकुट खाली ठेवला.

"त्याले वाक्यं तीनच आहेत, काकू," इश्वर म्हणाला. "अन् त्याले तसंही नापासच व्हाचं आहे."

"म्हणजे परीक्षा नाही घेतली."

"नाही."

इश्वरच्या बापानं तीस वर्षं याच खुर्चीपुढचा पडदा ओढला होता. पाटलाचा प्रवेश संपला की दोरी सोडायची, टाळ्या संपेस्तोवर अंधारात उभं राहायचं. कुंताबाईंना तो चांगला आठवत होता. त्यांनी पदर खांद्यावरून ओढून घेतला. भांडावं असं त्यांना वाटत नव्हतं. घरी जाऊन पाय पसरावेत, एवढंच वाटत होतं.

गाडीत चढताना त्या थांबल्या.

"भोजराज येईल पडदा ओढाले. तेवढं जमते त्याले. अन् इश्वर, पुढच्या मंडईले निरोप धाडू नको. खुर्ची तुह्याच घरी ठेव. तू पाटील झाला."