दंडातलं बटण

सिस्टरांनी भास्करच्या दंडावर यंत्र टेकवलं आणि हिरवा दिवा लागला.

"बटण चालू आहे की तुमचं!" त्या खूश झाल्या. "बायकोला ना गोळ्या, ना तांबी, ना ऑपरेशन. स्वतःहून बसवणारे पुरुष विरळाच हो. चालूच ठेवायचं, की आता मूल हवंय?"

सुवर्णा नवऱ्याकडे बघतच राहिली. मूल होत नाही म्हणून नऊ वर्षं तिच्याच तपासण्या चालल्या होत्या. नवऱ्याला घेऊन या, असं दवाखान्याने यंदा पहिल्यांदाच सांगितलं होतं. धाकट्या जावेच्या डोहाळजेवणात सासूने चारचौघींत तिच्या हातातून ओटीचं ताट काढून घेतलं, तेव्हा हा माणूस शेजारीच जिलेबी खात होता.

"कधी बसवलंत?"

"लग्नाआधीच," भास्कर शर्टाची बाही खाली ओढत म्हणाला. "मला मूल नकोच होतं गं."

"मग आईंना तसं सांगायचं होतंत."

भास्करने मान वर केली. एवढं साधं हिला कसं कळत नाही, याचं त्याला खरोखरच नवल वाटलं.

"अगं, मग ती मला बोलली असती ना!"