तळाचा नग

नागापूरच्या कारखान्यात माल तपासणारे मेहताबभाई पेटीतला वरचा नग कधीच घ्यायचे नाहीत. हात घालून तळाचा काढायचे. आज लेक अल्मासला घेऊन ते इन्फर्मेशन सिस्टिम्सच्या ॲडमिशनसाठी कॉलेजात गेले. सरांनी नोकऱ्या लागलेल्यांची यादी पुढ्यात सरकवली. “पहिलीला वर्षाला बारा लाख! फीसाठीचं तुमचं आठ लाखांचं कर्ज दोन वर्षांत फिटतंय बघा. लावू तिला फोन?” “वरची नको,” म्हणत मेहताबभाईंनी बोट तळाशी नेलं. “हिला लावा.” “ती बंगळूरला असते, मीटिंगमध्ये असेल.” मेहताबभाईंनी चष्मा चढवून मोठ्यानं वाचलं, “देवश्री पाठक, सात लाख.” शेजारच्या टेबलावर अल्मासचा कर्जाचा अर्ज भरणारी मुलगी मान वर न करताच म्हणाली, “काय काका?” सरांना ठसका लागला. “बेटा, तुझं कर्ज फिटलं का?” मेहताबभाईंनी तिला विचारलं. तिनं पेनाला टोपण लावलं आणि अर्ज अल्मासला परत दिला.