मध्यंतराचा हार

अपघातात जायबंदी झालेल्यांना पुन्हा उभं करणाऱ्या संस्थेच्या मदतीसाठी कीर्तन होतं. विषय संयमाचा, म्हणून अध्यक्ष रेवाळेसाहेब एकेरी रस्त्यात उलट्या दिशेने गाडी घालून अगदी वेळेवर पोचले.

पूर्वरंग संपला. मध्यंतरात बुवांना हार घालायचा मान कुमुदताईंचा. ट्रकने उडवल्यापासून त्या अंथरुणाला खिळल्या होत्या. संस्थेतल्या मुलींनी त्यांना वॉकर धरून चालायला शिकवलं. "गादीपर्यंत मी माझ्या पायांनी जाणार, कुणी धरायचं नाही," असं त्यांनी बजावलंच होतं.

वॉकरला हार अडकवून ताई निघाल्या. एक पाऊल, मग विसावा. लाल सिग्नलला कधीही न थांबणारे आम्ही भाविक लगेच चुळबुळायला लागलो.

"द्या ताई, मीच घालतो," साहेब उठले. "मला पुढे आणखी एक सत्कार घ्यायचाय."

"साहेब, मागून हॉर्न वाजवू नका. बसा," बुवा म्हणाले आणि त्यांनी ताईंच्या पावलांच्या लयीत विठ्ठलाचा गजर धरला. तबलजींनी सवयीने लय वाढवली, तेव्हा बुवांनी त्यांच्याकडे असं बघितलं, की वाहतूक पोलिसानेही शिकावं. ताई थांबल्या की टाळ थांबत. हळूहळू आम्हीही त्याच लयीत टाळ्या वाजवू लागलो.

ताई गादीपाशी पोचल्या. आता हार घालायला वॉकर सोडावा लागणार होता. बुवांनी पगडी त्यांच्या हातांपर्यंत झुकवली. ताईंनी दोन्ही हात सोडले, जरा हेलकावल्या, आणि हार बुवांच्या गळ्यात पडला.

"मान वर करा बुवा," त्या म्हणाल्या. "बघा, मी उभी आहे."