सासरी कळवू

पहिल्या मंगळागौरीच्या खेळांना ऐन रंग चढला होता आणि नवी सून शलाका नऊवारीचा ओचा सावरत खिडकीपाशी फोन ऐकत होती. "शिक्षणाच्या कर्जाचे हप्ते थकलेत मॅडम. आलेला ओटीपी आत्ताच्या आत्ता सांगा, नाहीतर सासरी कळवू."

हप्ते तर तिच्या पगारातून नेमाने जात होते. पण लग्नाच्या बोलण्यांत कर्जाचा विषय तेवढा राहून गेला होता. ओटीपीचे आकडे तिच्या ओठांवर आले.

"काय गं, चेहरा का उतरला?" हातातलं सूप नाचवत सासूबाई समोर उभ्या. शलाकाने डोळे मिटले आणि कर्जापासून धमकीपर्यंत सगळं एका दमात सांगून टाकलं.

सासूबाईंनी सूप तिच्या हातात कोंबलं आणि फोन कानाला लावला. "मी सासूच बोलतेय. कळवा!"

सासूबाईंनी फोन स्पीकरवर टाकला.

"बरं, बँक कोणती, शाखा कुठली, तेवढं तरी कळवा."

फोन कट! बायका खो खो हसत सुटल्या. शलाकाला तर हसता हसता उचकीच लागली.

"उद्या दोघी बँकेत जाऊन खात्री करू," सासूबाईंनी फोन खिडकीत ठेवून पदर खोचला. "पण लपवलंस त्याची शिक्षा आधी. चल, फुगडी!"

दोघी गरगर फिरत असताना फोन पुन्हा वाजू लागला. शलाकाची नजर तिकडे वळली.

"वाजू दे मेल्याला!" सासूबाई ओरडल्या. "हात सोडलास तर दोघी आपटू!"