सतरा गाठींची विहीर

प्रिंटरने कागद बाहेर टाकला तेव्हा बाबा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून दाढी करत होते. आरशातली नजर न काढता त्यांनी विचारलं, "काय म्हणतायत साहेब?"

साहेब म्हणजे लेकीचा लॅपटॉप.

"म्हणतायत, यंदा सगळ्या रानात मकाच लावा," लेक म्हणाली. "आणि बांधावरची झाडं तोडा. सावलीने सहा टक्के पीक जातं."

"सहा टक्के!" बाबांनी अर्धा गाल तसाच सोडला. "साहेबांनी कधी मातीत पाय घातलाय का?"

आणि साबण लावलेल्या चेहऱ्यानेच ते बाहेर पडले. संध्याकाळपर्यंत अर्ध्या रानात हरभरा घ्यायचं ठरलं होतं आणि बांधावर आणखी चाळीस रोपांची जागा आखून झाली होती.

बत्तीस वर्षांची ही लेक संशोधन संस्थेतली नोकरी सोडून परत आली होती ती विहिरीपायी. बाबा विहीर दोराने मोजत. हातभर अंतरावर गाठी मारलेला दोर, टोकाला दगड. दगड पाण्याला टेकेपर्यंत किती गाठी हातातून सुटल्या, तेवढं पाणी खाली. ती शाळेत होती तेव्हा सात सुटायच्या. परतली तेव्हा सतरा. दोराला गाठी वीसच होत्या, कारण विहीर तेवढीच खोल होती.

दहा वर्षं ती फोनवरून सांगत होती, पीक बदला, पाणी जपा. बाबा शांतपणे सगळं ऐकून घेत आणि फोन आईकडे देत.

आल्यावर सहा महिने तिने नुसतं मोजलं. चाळीस ठिकाणची माती, उतार, वारा, मुळं किती खोल जातात ते. मग हे सगळं रान तिने संगणकात वसवलं. पडद्यावर तीस वर्षांची शेती चहा निवेपर्यंत होऊन जायची. पेरणी, पाऊस, कापणी, पुन्हा पेरणी, आणि कोपऱ्यात विहिरीच्या पाण्याची निळी पट्टी. चाललंय तसंच चाललं तर चौथ्या वर्षी पट्टी संपत होती. मग जमीन विकण्याखेरीज दुसरा मार्ग नव्हता. लेकीने हे आईला दाखवलं. बाबांना फक्त कागद दिले.

दुसऱ्या वर्षीचा कागद म्हणाला, उतारावर चर खणू नका, जागा वाया जाते, आणि मक्याची ताटं जाळून टाका. बाबांनी तो कागद पारावर पेपर वाचावा तसा शेजाऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवला. शेजारचा ट्रॅक्टरवाला हसून हसून खोकायला लागला.

"काका, हे यंत्र आहे का तुमचा व्याही?"

"व्याही परवडला. तो निदान जेवून जातो," बाबा म्हणाले आणि चर खणायला माणसं लावली. ताटं बारीक करून मातीवर पसरली.

तिसऱ्या वर्षी कागदाने खालचा तुकडा एकही दिवस रिकामा ठेवू नका म्हणून बजावलं. बाबांनी तो वर्षभर विश्रांतीला सोडला.

ट्रॅक्टरवाल्याची बायको एकदा आईला म्हणाली, "पोरीचं वाईट वाटतं हो. एवढं शिकली, आणि एक शब्द उलटून बोलत नाही."

"मला हे जमायला वीस वर्षं लागली," आई तांदूळ निवडत म्हणाली. "ही माझ्यापेक्षा हुशार."

त्या वर्षी दोराच्या चौदाच गाठी सुटल्या.

यंत्राचं न ऐकता बाबांनी पाणी वर आणल्याची बातमी कृषी महाविद्यालयापर्यंत गेली. एक प्राध्यापक गाडीभर विद्यार्थी घेऊन आले. ते लेकीचेच जुने सर होते. बाबांनी सगळ्यांना रान फिरवून दाखवलं. चर, झाडं, काळीभोर झालेली माती, मुठीत दाबली की लाडवासारखी राहणारी. विद्यार्थी वह्या भरत होते. माणूस खरंच बघण्यासारखा होता. सत्तरीत नवी शेती शिकला होता, आणि तीही कोणी न शिकवता.

"अनुभवाला पर्याय नाही," सर म्हणाले. मग लेकीकडे बघून जरा ओशाळले.

"तिला बोलू नका," बाबा मोठ्या मनाने म्हणाले. "तिचं यंत्र आहे म्हणून तर मला कळतं काय करायचं ते."

सगळे हसले. लेकही हसली.

चहाला सर आत येऊन बसले. त्यांना चैन पडत नव्हतं. ताटं जाळा, झाडं तोडा, हे पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगणार नाही, आणि ही तर त्यांच्या हाताखालून गेलेली सगळ्यात तल्लख विद्यार्थिनी होती.

"कुठेतरी आकडा चुकीचा भरला गेलाय. मला बघू दे," ते म्हणाले.

"बघा की, सर."

तिने लॅपटॉप त्यांच्या मांडीवर दिला. सरांनी भरलेल्या माहितीची यादी उघडली. माती बरोबर होती. उतार, वारा, बाष्पीभवन, मुळांची खोली, सगळं चोख. इतकं नेटकं काम त्यांनी स्वतःही कधी केलं नव्हतं. चूक काही सापडेना. ते ओळीमागून ओळ खाली सरकत राहिले.

अंगणातून बाबांचा आवाज आला, "अगं, विचार त्या साहेबांना! ठिबकच्या नळ्या टाकू का यंदा?"

लॅपटॉप अजून सरांच्याच मांडीवर होता. "अजिबात नको म्हणतायत!" लेकीने बसल्या जागेवरून ओरडून सांगितलं. "पाटानेच पाणी द्या!"

"ऐकलंत?" बाबा बाहेर गरजले. "ट्रॅक्टरवाले, गाडी काढा. नळ्या आणायला जायचंय."

सर शेवटच्या ओळीवर पोचले होते. तिथे लिहिलं होतं : 'बाबा. सांगितल्याच्या बरोबर उलट करतात. निरीक्षण : बत्तीस वर्षं. अपवाद : शून्य.'